क्रूझच्या डायनिंग रूमचा मेनू आखडत चाललाय, तुमचा काय अनुभव?

कोथरूडची_सुगरण | ३ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आम्ही पहिली क्रूझ केली २०१७ ला. बार्सिलोनाहून सात रात्री, सासूसासरे बरोबर होते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला एका कंपनीबद्दल बोलायचं नाहीये. त्या वेळी डायनिंग रूममध्ये जेवण म्हणजे दिवसाचा मोठा कार्यक्रम असायचा. भलंमोठं मेनूकार्ड, डावीकडे त्या दिवसाचे पदार्थ आणि उजवीकडे रोज मिळणारे. त्यामुळे डावीकडचं काही झेपलं नाही तरी उजवीकडे हमखास काहीतरी सापडायचंच. सातही दिवस तेच टेबल, तोच वेटर. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत हे पहिल्या दिवशी एकदा सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून त्यांची प्लेट वेगळी यायची, परत सांगावं लागलं नाही. सासरे तर रोज न चुकता सीझर सॅलड मागवायचे, तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत टेकायच्या आत सॅलड टेबलावर हजर.

या मे महिन्यात तीच कंपनी आणि तोच मार्ग, फक्त या वेळी आम्ही दोघं आणि मित्राचं कुटुंब. मेनूकार्ड निम्म्यावर आलंय. उजवी बाजू गायबच. एक दिवस इटालियन, एक दिवस फ्रेंच असं ठरवून दिलेलं, त्यातलं शाकाहारी म्हणजे एक सूप आणि एक मेन डिश, संपलं. दुसऱ्या दिवशी मेन डिश मशरूमची होती, मित्राच्या बायकोला मशरूम चालत नाहीत, ती पोरगी ब्रेड आणि बटाट्यावर जेवली. आणि दारातच एक टेबल मांडून पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटचं बुकिंग घेत होते, माणशी पन्नास डॉलरच्या पुढे. जेवायला निघालेल्या माणसाला दारात अडवून "आत नको, तिकडे चला" म्हणायचं, हे मला फार लागलं.

आता प्रश्न असा की दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींचं बुकिंग केलंय, वेगळ्या कंपनीचं. सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, आम्ही नऊ जण आहोत. डायनिंग रूमवर भरवसा ठेवावा, की सरळ बुफेत जेवावं, की पैशाच्या रेस्टॉरंटचं पॅकेज घ्यावं? नऊ जणांचं पॅकेज म्हणजे चांगलीच रक्कम होते. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

रविवारची_मिसळ | ३ जून, रात्री १०:४१

बुफे. नऊ जण आहात, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असणार. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

पेठकर | ३ जून, रात्री ११:०५

ताई, तुमचं वाईट वाटणं समजू शकतो पण मुद्दा पूर्ण पटला नाही. पुण्यातल्या थाळीवाल्यांकडे हेच झालंय की. मी नव्वदच्या दशकात टिळक रोडला राहायचो, रविवारी थाळीला गेलं की वाढपी श्रीखंड घेऊन तीनदा फिरायचा, आपणच हात आडवा करायचा. आता बऱ्याच ठिकाणी गोड एक वाटी, पुढची वाटी जादा पैसे देऊन. आमरसाच्या दिवसात तर पाटीच लागते. तेव्हा आपण मालकाला शिव्या देत नाही, आंबा महाग झालाय हे आपल्याला माहीत असतं. जहाजावर मात्र आपल्याला वाटतं तिकिटात सगळं आलं. तिकीट तर पूर्वीच्या मानाने फार वाढलेलं नाही, मग कंपनी कुठून तरी काढणारच ना. पदार्थ कमी करा पण जे द्याल ते नीट द्या, एवढीच माझी अपेक्षा असते.

कोथरूडची_सुगरण | ३ जून, रात्री ११:१८

पेठकर, थाळीचं उदाहरण बरोबर आहे पण थोडं अर्धं आहे. थाळीत आमटी, भाजी, पोळी तर अमर्यादितच राहिली ना? इथे आमटीच एका दिवसाआड केलीये. श्रीखंडाला जादा पैसे घ्या, माझी ना नाही.

जहाजी_काका | ४ जून, सकाळी ७:३०

सुप्रभात. मी पुण्यातच हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि अकरा वर्षं जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली, त्यातली शेवटची चार सू-शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा) म्हणून. आता वारज्यात छोटं केटरिंग आहे. दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डायनिंग रूमचा मेनू म्हणजे हॉटेलच्या मेनूसारखा नसतो. हॉटेलात गिऱ्हाईक तासातासाने येतं. जहाजावर पहिली पंगत साडेपाच-सहाला बसते, दुसरी साधारण आठला, आणि प्रत्येक पंगतीला हजार-दीड हजार माणसं एकदम. पंधरा मिनिटांत सगळ्यांच्या ऑर्डरी आत येतात. मेनूवर सहा मेन डिश असतील तर सहा लायनी लावाव्या लागतात, दहा असतील तर दहा. प्रत्येक लायनीला माणूस, भांडी, गरम ठेवायची जागा. वेटर बाहेरून आत येतो, रांगेत उभा राहतो, एका ट्रेमध्ये दहा-बारा झाकलेल्या प्लेटा रचतो आणि पळतो. एकाच टेबलाच्या आठ प्लेटा आठ वेगळ्या लायनींवरच्या असतील तर तो कितीही पळाला तरी पहिली प्लेट गार होते. मेनू छोटा केला की हे सगळं सुटसुटीत होतं. २०२३ च्या सुरुवातीला रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने आपले डिनर मेनू आखडून रोजची एकेक थीम केली, तेव्हा जेवण लवकर आणि गरम मिळावं हे एक कारण सांगितलं होतं, आणि त्यात तथ्य आहे, मी आतून पाहिलंय.

दुसरी गोष्ट वाया जाणाऱ्या अन्नाची. कुठल्या डिशला किती मागणी येईल याचा अंदाज आदल्या दिवशी बांधायचा असतो. अमेरिकन बंदरात जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे इन्स्पेक्टर न सांगता चढतात, थंड पदार्थ ५ डिग्री सेल्सियस किंवा खाली आणि गरम पदार्थ ५७ किंवा वर असलाच पाहिजे. ठरल्या वेळेत संपलं नाही की फेकायचं. आणि फेकायचं म्हणजे समुद्रात लोटायचं असंही नाही. मार्पोल या समुद्र-प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाप्रमाणे अन्न बारीक दळलेलं असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढे, नाही दळलं तर १२ च्या पुढे, आणि ताईंनी केला तो भूमध्य समुद्र विशेष क्षेत्रात येतो, तिथे दळूनसुद्धा १२ च्या पुढेच. म्हणजे उरलेलं अन्न सांभाळायलाही जागा आणि माणसं लागतात. दहा डिश ठेवल्या की दहा ठिकाणी थोडं थोडं उरतं.

पण हे सगळं खरं असलं तरी ताईंचा मुद्दाही खरा आहे. वाचलेला पैसा ताटात परत आला नाही, तो वरच्या डेकवरच्या पैशाच्या रेस्टॉरंटांकडे गेला. मी शेवटच्या जहाजावर असताना मुख्य गॅलीतले दोन उत्तम कुक तिकडे हलवले आणि त्यांच्या बदली माणसं आली नाहीत.

नऊ जणांसाठी काय करायचं ते संध्याकाळी लिहितो, आता एक ऑर्डर निघायची आहे.

खादाड_बाणेर | ४ जून, सकाळी ९:१२

मी एकटाच असेन बहुतेक पण मला नवीन छोटा मेनू आवडला. आमचा मुलगा तीन वर्षांचा. पूर्वी डायनिंग रूममध्ये दोन-दोन तास जायचे, सूप येणार मग वीस मिनिटं वाट, तोवर याने पाव कुस्करून टेबलाखाली डोंगर केलेला. मागच्या वेळी सव्वा तासात गोडासकट बाहेर. आणि मेक्सिकन रात्र तर झकास होती, एरवी मी ते मागवलं नसतं. लहान मुलं असतील तर लवकर संपणारं जेवण ही सगळ्यात मोठी सोय आहे.

गोडांबा | ४ जून, सकाळी ९:५०

गोडाबद्दल कोणीच बोलेना म्हणून आले. :) शेवटच्या किंवा त्याच्या आदल्या रात्री बेक्ड अलास्काची मिरवणूक असायची, दिवे मंद करून सगळे वेटर डोक्यावर ट्रे घेऊन नाचत यायचे, आणि लोक नॅपकिन हवेत फिरवायचे. आत आईस्क्रीम आणि बाहेर भाजलेलं अंड्याचं फेसाळ आवरण. चवीला मला ते कधीच फार ग्रेट वाटलं नाही, पण आमची आजी त्या रात्री पंच्याहत्तराव्या वर्षी नॅपकिन फिरवत उभी राहिली होती. मागच्या ट्रिपला ते नव्हतं. मेनू कमी केला तर केला, ही गंमत का काढली? त्याला कुठे दहा लायनी लागतात?

आकडेमोड | ४ जून, दुपारी १:२५

थोडा इतिहास घालतो, कारण "पूर्वी सगळं होतं आणि आता कापलं" इतकं सरळ हे नाही.

ठरलेली पंगत आणि ठरलेलं टेबल मोडायला सुरुवात झाली २००० साली, नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने फ्रीस्टाईल क्रूझिंग आणलं तेव्हा. कधीही या, कुठेही बसा. मग हळूहळू बाकीच्यांनीही तसा पर्याय दिला. २०१४ ला क्वांटम ऑफ द सीज हे जहाज आलं तेव्हा रॉयल कॅरिबियनने मोठी डायनिंग रूमच काढून टाकली आणि तिच्या जागी चार छोटी फुकट रेस्टॉरंट केली, नाव दिलं डायनॅमिक डायनिंग. रोज वेगळं ठिकाण, रोज आरक्षण, रोज नवा वेटर. प्रवाशांना ते अजिबात रुचलं नाही आणि काही काळातच कंपनीला जुन्या पद्धतीवर परत यावं लागलं. म्हणजे लोकांनी सांगितलं की फरक पडतो.

कार्निव्हल या आणखी एका कंपनीने अमेरिकन टेबल नावाची जेवणाची नवी पद्धत आणली तेव्हा साध्या दिवसांची टेबलक्लॉथ काढली, त्यावरही लोक भरपूर बोलले, पण ती तशीच राहिली. नंतर त्यांनी तिसऱ्या मेन डिशपासून पाच डॉलर लावले. यावर मात्र मला तक्रार नाही, दोन मेन डिश खाऊन तिसरी मागवणारे त्यातली निम्मी टाकतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सांगायचा मुद्दा हा की परत आल्यावर जो सर्व्हे येतो तो भरा. आपण भारतीय लोक जहाजावर कुरकुर करतो आणि सर्व्हेत सगळीकडे दहापैकी दहा देऊन मोकळे होतो.

रविवारची_मिसळ | ४ जून, दुपारी १:४०

आकडेमोड, दहापैकी दहा देतो कारण वेटर शेवटच्या दिवशी हात जोडून सांगतो की कमी मार्क दिले तर माझं काँट्रॅक्ट अडकतं. त्या पोराचा काय दोष?

आकडेमोड | ४ जून, दुपारी १:५२

वेटरला दहा द्याच. मेनूचा प्रश्न वेगळा असतो आणि खाली लिहायला मोकळी जागा असते, तिथे लिहा.

सह्याद्रीवारा | ४ जून, दुपारी ३:१५

अवांतर होईल पण राहवत नाही. "ठरलेलं टेबल, ओळखीचा वेटर" वाचून मला जहाज नाही, डेक्कन क्वीन आठवली. माझे वडील पासधारक, वीस वर्षं पुणे-मुंबई. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी आणि आजही तिला डायनिंग कार आहे, टेबलाशी बसून ऑम्लेट-ब्रेड, कटलेट, चीज टोस्ट. शनिवारी मला न्यायचे. सकाळी सव्वासातला गाडी सुटली की थोड्या वेळाने आम्ही डायनिंग कारमध्ये, आणि लोणावळा गेलं की खिडकीबाहेर घाट आणि समोर वाफाळता चहा. वाढणाऱ्या काकांना माहीत होतं की मला टोस्टच्या कडा कापून लागतात. २०२२ च्या जूनमध्ये नवीन एलएचबी डबे आले तेव्हा सगळ्यात आधी मी हेच विचारलं की डायनिंग कार ठेवली ना. ठेवलीये.

तिथला मेनू कधीच लांबलचक नव्हता. सहा-सात गोष्टी. तरी आपल्याला कमी वाटलं नाही.

पेठकर | ४ जून, दुपारी ३:३०

सह्याद्रीवारा, हा प्रतिसाद फार आवडला. कटलेटबरोबरचा सॉस अजून जिभेवर आहे.

तुपाची_धार | ४ जून, संध्याकाळी ६:१०

सुगरण ताई, एक गोष्ट सांगायची की नाही असा विचार करत होते, पण दिवाळीत परत सगळे जाणार आहात म्हणून सांगते, राग मानू नका. तुमचे सासरे पूर्ण शाकाहारी आहेत का? कारण सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाची छोटी मासळी वाटून घातलेली असते. वर जे पार्मेझान चीज किसतात त्यात दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं. फ्रेंच अनियन सूप गोमांसाच्या स्टॉकमध्ये करतात. गोडात, पन्ना कोटात आणि बऱ्याचशा मूसमध्ये प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन. आम्ही जैन नाही पण माझी जाऊ आहे, तिच्याबरोबर फिरताना हे सगळं विचारून विचारून शिकले. दिसायला पानं आणि पाव असतात म्हणून आपण गृहीत धरतो.

कोथरूडची_सुगरण | ४ जून, संध्याकाळी ६:४४

तुपाची धार, खरंच मला माहीत नव्हतं. मी आत्ता वाचलं आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. बाबा जन्मात कधी मासळीच्या दुकानासमोरून गेले नाहीत आणि सात रात्री आम्ही कौतुकाने त्यांच्यासमोर तेच ठेवत होतो. वेटरनेही सांगितलं नाही, आणि आम्ही कांदा-लसूण सांगितलं पण हे विचारलंच नाही.

राग अजिबात नाही, उलट आभार. पण आता माझा प्रश्नच बदललाय. मी त्या उजव्या बाजूच्या लांब यादीसाठी हळहळत होते, आणि त्या यादीतलं आमच्यासाठी खरं तर काय होतं हेच मला माहीत नव्हतं. मे महिन्यातल्या छोट्या कार्डावर निदान शाकाहारी डिशपुढे खूण तरी होती.

जहाजी_काका | ४ जून, रात्री ९:२०

ताई, मनाला लावून घेऊ नका. वेटर बहुतेक वेळा फिलिपिन्स, इंडोनेशिया किंवा पूर्व युरोपातला असतो, त्याच्या लेखी "व्हेजिटेरियन" म्हणजे मांसाचा तुकडा नको. आपल्या लेखी शाकाहार म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. त्यात खोट नाही, पण विचारावं आपल्यालाच लागतं.

आता नऊ जणांसाठी. बुफेचं मी तुम्हाला सुचवणार नाही. तिथे एकच चमचा पनीरच्या भांड्यातून चिकनच्या भांड्यात जातो, मागचा माणूस काय करतो त्यावर तुमचा ताबा नाही. आणि पन्नासाव्या वाढदिवसाला आईबाबांनी हातात ट्रे घेऊन टेबल शोधत फिरायचं, हे कसं वाटेल ते बघा. नाश्त्याला बुफे ठीक.

डायनिंग रूम घ्या, आणि ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल असा पर्याय असेल तर तोच घ्या, दुसरी पंगत. आपल्या पोटाला आठची वेळ ओळखीची आहे. बुकिंग करतानाच एजंटला लेखी द्या: शुद्ध शाकाहारी किती, अंडं चालणारे किती, कांदा-लसूण नको असलेले किती. जैन जेवण असा पर्याय असेल तर सासूबाईंसाठी तो टाका, त्यात कांदा-लसूण आपोआप जातं, पण बटाटाही जाईल हे लक्षात ठेवा. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर आपले लोक भरपूर असतात, त्यामुळे बहुतेकांवर भारतीय कुक असतोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पहिल्या दिवशी दुपारी, जहाज सुटायच्या आधी, डायनिंग रूमपाशी जा आणि हेडवेटरला भेटा. वेटर नाही, हेडवेटर. त्याला सांगा की उद्यापासून आम्हाला नऊ जणांत इतक्या लोकांसाठी भारतीय शाकाहारी लागेल, आणि रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवसाचा मेनू त्याच्याकडून बघून तिथेच ऑर्डर देऊन या. गॅलीला चोवीस तास मिळाले की आपला कुक डाळ नीट शिजवू शकतो. ऐन वेळी मागितलं तर डब्यातली ग्रेव्ही गरम होऊन येते आणि मग लोक म्हणतात जहाजावरचं भारतीय जेवण वाईट. मेनूकार्डावर हे काही छापलेलं नसतं, पण विचारलं तर मिळतं. कार्ड आखडलं तरी ही वाट अजून बंद झालेली नाही.

पॅकेज घेऊ नका. स्टेकहाऊसमध्ये तुमच्या बाबांना काय मिळणार, भाजलेला फ्लॉवर?

खादाड_बाणेर | ४ जून, रात्री ९:३५

काका, हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला.

नवी_सांगवी | ५ जून, सकाळी ८:०५

मुंबईहून जाणारी कॉर्डेलिया कोणी केलीये का? आम्ही मागच्या वर्षी गोव्याची केली. जेवणाची काही चिंताच नव्हती, जैन, गुजराती, दाक्षिणात्य सगळं. सुगरण ताईंच्या सासूबाईंसारख्या लोकांना ते जास्त सोपं. पुण्याहून गाडीने बॅलार्ड पिअर, विमानाची भानगड नाही.

आकडेमोड | ५ जून, सकाळी ८:४०

केलीये. गंमत म्हणजे कॉर्डेलियाचं ते एम्प्रेस जहाज १९९० चं आहे, मूळ नाव नॉर्डिक एम्प्रेस, मग एम्प्रेस ऑफ द सीज, आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईत. म्हणजे ज्या डायनिंग रूममध्ये आपण डाळ-भात जेवतो तिथे एकेकाळी कॅरिबियन समुद्रात बेक्ड अलास्का मिरवत असणार. गोडांबा, ऐकताय ना?

गोडांबा | ५ जून, सकाळी ९:०२

ऐकतेय! मग तिथे आंबा बर्फीची मिरवणूक सुरू करा म्हणावं, मी नॅपकिन घरून आणते.

पेठकर | ५ जून, सकाळी १०:१०

जहाजी काकांना एक प्रश्न. घरचं तूप, थेपले, लाडू नेलेले चालतात का? आमच्याकडे डबा घेतल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही.

जहाजी_काका | ५ जून, दुपारी २:००

बहुतेक कंपन्या घरी केलेले पदार्थ चढवू देत नाहीत, कारखान्यात सीलबंद केलेलं कोरडं चालतं. तेव्हा बाकरवडीचं पाकीट न फोडता न्या, लाडू घरी ठेवा. आणि जहाजावरचं खाणं बंदरात उतरताना पर्समध्ये घालू नका, सफरचंदसुद्धा नाही, काही देशांत त्यावर दंड आहे.

सह्याद्रीवारा | ५ जून, दुपारी २:३०

टिपचं पण सांगा कोणीतरी. आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी काउंटरवर जाऊन बिलात लागणारी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, काढून घेतली होती, "मेनू कमी केलाय तर टिप कसली" म्हणून. मला ते बघवलं नाही. मेनू त्या पोरांनी कमी केलाय का?

जहाजी_काका | ५ जून, दुपारी २:४५

मनापासून सहमत. मेनू कमी झाला तेव्हा आमच्या वेटरांची टेबलं वाढली. माझ्या सुरुवातीच्या दिवसात वेटर आणि त्याचा मदतनीस मिळून अठरा-वीस पाहुणे बघायचे, मी सोडलं तेव्हा तीसच्या वर गेलं होतं. तुमची आवड लक्षात ठेवायला माणसाकडे वेळ उरला पाहिजे. टिप काढू नका हो.

कोथरूडची_सुगरण | ५ जून, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. दुसरी पंगत, ठरलेलं टेबल, एजंटला लेखी यादी, हे आज केलं. पॅकेज नाही घेत. येऊन सांगते.

कोथरूडची_सुगरण | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, सांगते म्हणाले होते म्हणून.

पहिल्या दिवशी चढल्या चढल्या मी आणि नवरा डायनिंग रूमपाशी गेलो. हेडवेटर निघाले गोव्याचे, यादी वाचली आणि मराठीत म्हणाले, "ताई, कांदा-लसूण नाही ते कोण, मला फक्त चेहरा दाखवा." संध्याकाळी सासूबाई आत आल्या तेव्हा ते स्वतः खुर्ची ओढायला आले. मेनूकार्ड छोटंच होतं, एक पान. पण त्या पानाकडे आम्ही चार दिवसांत फारसं पाहिलं नाही, रोज रात्री ते वही घेऊन यायचे आणि "उद्या काय करू?" विचारायचे. एक दिवस भेंडी, एक दिवस तोंडल्याची भाजी, जहाजावर तोंडली कुठून आली देव जाणे. डाळीवर फोडणी हिंग-जिऱ्याची, आणि पहिल्या घासालाच आई म्हणाल्या, "ही हिंग घालून केलेली आहे, डब्यातली नाही."

सगळंच चांगलं झालं असंही नाही. भात दोन दिवस चिकट होता आणि गोडात शाकाहारी म्हणजे फळंच, गोडांबा, मिरवणूक इथेही नव्हती.

बाबांना मी सीझर सॅलडचं पुण्यातून निघायच्या आधीच सांगितलं. मनात ठेवून जेवायला बसणं मला जमलं नसतं. ते ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं." एवढंच. पहिल्या रात्री जहाजावर सूप-सॅलडची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच हेडवेटरांना बोलावून विचारलं की तेच सॅलड मासळी आणि ते चीज वगळून करता येईल का. लिंबू, ऑलिव्ह तेल, मोहरी आणि भरड मिरी घालून आलं. त्यांनी एक पान उचलून नीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, खाल्लं, आणि बाऊल आईंकडे सरकवला. चारही रात्री तेच मागवलं.

पन्नासाव्या वाढदिवसाच्या रात्री केक बिनअंड्याचा होता, छोटासा, पण शेजारच्या दोन टेबलांवरचे वेटरही येऊन गायले. सर्व्हेत मेनूबद्दल खाली सविस्तर लिहिलं, आकडेमोड: यादी छोटी चालेल, पण प्रत्येक डिशमध्ये काय आहे ते छापा.

जहाजी_काका | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

वाचून फार बरं वाटलं. आईबाबांना नमस्कार सांगा. हेडवेटर मडगावकडचे का हो? उंच, डाव्या भुवईवर खूण? मी ज्याला काम शिकवलं तो एक मुलगा आता सिंगापूरच्या बाजूला आहे असं ऐकलंय.

कोथरूडची_सुगरण | २२ नोव्हेंबर, रात्री ९:५८

काका, खूण होती! थांबा, टेबलावरचा फोटो शोधते.